सर, जरा दोन मिनिटं

फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक वाचलं की माणूस थक्क होतो. चेंडूचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर असावा, कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी दीड मीटरपेक्षा बुटकी नसावी, फ्री किकच्या वेळी समोरच्यांनी 9.15 मीटर लांब उभं राहावं. नऊ नाही, साडेनऊ नाही, सव्वानऊसुद्धा नाही. सतरा नियमांत एवढा बारकावा ठासून भरलाय. पण शेवटची शिट्टी वाजल्यावर मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या पंचाने कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जायचं कसं, यावर एक अक्षर नाही. त्या वाटेवर हरलेल्या संघाचे व्यवस्थापक उभे असतात, आणि ते काही 9.15 मीटर लांब उभे राहत नाहीत.

मी कोल्हापुरात शिट्टी वाजवतो. पोटासाठी नव्हे. पोटासाठी शाळेत मुलांची कवायत घेतो. आमच्यातला एकजण बँकेत आहे, एकजण महापालिकेत, एकजण गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली पाळी संपवून डबा हातात घेऊनच मैदानावर येतो. मानधन मिळतं, म्हणजे बूट झिजतात त्याची भरपाई होते. घरचे विचारतात, "शिव्या खायला एवढ्या उन्हात जाता कशाला?" याचं समाधानकारक उत्तर अजून एकाही पंचाच्या बायकोला मिळालेलं नाही.

हौशी फुटबॉल म्हटलं की बाकीच्या जगात रविवारची सकाळ, ओलं गवत आणि काठाला उभे चार नातेवाईक असं चित्र असेल. कोल्हापूरचं हौशीपण निराळं आहे. इथल्या संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. ज्या पेठांनी पैलवान पोसले त्यांनीच पुढे फुटबॉलचे संघ पोसले, आणि कुस्तीतली ईर्षा सामानसुमानासकट फुटबॉलमध्ये आणली. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गॅलरी भरते, बंदोबस्ताला पोलीस येतात, आणि त्या हजारो डोळ्यांच्या मध्ये एक कवायतीचा मास्तर काळा शर्ट घालून उभा असतो. खेळाडूंना निदान दहा सोबती असतात.

आमच्या गावात पंच निःपक्षपाती असू शकतो हे तत्त्व कोणालाच मान्य नाही. माणूस म्हटला की त्याला पेठ असणारच. मी कुठल्याच पेठेतला नाही, गावाबाहेरच्या कॉलनीत राहतो, त्यामुळे आपण सुटलो असं मला वाटत होतं. एका सामन्यात पेनल्टी दिली आणि तिसऱ्या दिवशी शोध लागला की माझी सासुरवाडी मंगळवार पेठेत आहे. तीही धड नाही. सासरे तिथं भाड्यानं राहायचे, आणि तेसुद्धा माझ्या लग्नाआधी. पण धागा सापडला होता. पुढच्या सामन्यात त्याच पेठेच्या विरुद्ध पेनल्टी दिली, तेव्हा कट्ट्यावर निष्कर्ष निघाला की रेफ्रीचं आणि त्याच्या बायकोचं पटत नाही.

तर व्यवस्थापक. नवख्या पंचाला वाटतं की हा माणूस आपल्याकडे उत्तर मागायला आला आहे. तिथंच तो फसतो. व्यवस्थापकाला उत्तर नको असतं. त्याला थोड्या वेळाने तालमीत परत जायचं असतं, आणि तिथं कट्ट्यावर साठी उलटलेले चार माजी खेळाडू बसलेले असतात. ते गोल का खाल्ला असं विचारत नाहीत. बचावफळी कुठं फिरत होती असंही विचारत नाहीत. ते एवढंच विचारतात, "मग, रेफ्रीला काय बोललास?" 'काही नाही बोललो' असं म्हणणारा माणूस पुढच्या हंगामात व्यवस्थापक राहत नाही. लग्नात मुलाकडच्या एखाद्या काकांनी रुसायचंच असतं. निमित्त मठ्ठ्याचं असो नाहीतर आहेराचं, खरा प्रश्न मानाचा असतो आणि चार माणसांनी येऊन हाताला धरलं की काका पानावर बसतात. सामन्यानंतरची तक्रार त्याच जातीची आहे. ती ऐकून घ्यायची असते, सोडवायची नसते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका व्यवस्थापकांनीच शिकवलं. त्यांचा संघ शेवटच्या पाच मिनिटांत हरला होता. ते गॅलरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत माझ्याकडे आले. "दिवसाढवळ्या दरोडा घातलासा!" उजवा हात हवेत, बोट माझ्या नाकासमोर. डावा हात माझ्या पाठीवर, आणि तो हात मला हळूच थोपटत होता. अगदी जवळ आल्यावर ओठ न हलवता म्हणाले, "सर, जरा दोन मिनिटं हुभं राहा. वरनं पोरं बघायल्यात." मग परत आवाज चढवून, "ही काय पद्धत झाली?" मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी दोन मिनिटांचं काम दीड मिनिटात उरकलं, "बरं, धाकट्याचा दाखला पाहिजे हुता, सोमवारी येतो शाळेत," असं त्याच दमात सांगितलं आणि संतापाने तरातरा निघून गेले. गॅलरीने टाळ्या वाजवल्या. सोमवारी ते आले. आम्ही चहा घेतला. सामन्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

आता सगळेच इतके कसलेले नट नसतात, म्हणून प्रत्येक पंचाने आपापला बचाव तयार केलेला असतो. आमच्यातला एकजण शिट्टी वाजवल्या वाजवल्या बुटाच्या नाडीला हात घालतो. खाली वाकलेल्या माणसावर ओरडायला आपल्याकडे अजून संकोच वाटतो. दुसरा पाण्याचा मोठा घोट तोंडात धरून ठेवतो आणि खोलीत पोचेपर्यंत गिळत नाही. व्यवस्थापक काय वाटेल ते विचारो, तो फुगलेल्या गालांनी आदरपूर्वक मान हलवतो. एमआयडीसीवाला उलट चाल करतो. तक्रार सुरू व्हायच्या आत स्वतःच विचारतो, "ते तुमचं लेफ्ट बॅकचं पोरगं, गुडघा कसा आहे त्याचा? मला काळजी वाटायला लागलीय." व्यवस्थापक गोंधळतो, कारण त्या पोराची चौकशी त्याने स्वतः अजून केलेली नसते.

पण या सगळ्यांचे गुरू म्हणजे आमच्यातले एक ज्येष्ठ पंच. आता निवृत्त झालेत, पण सामना बघायला येतात. त्यांनी आयुष्यभर एकाच शब्दावर काम भागवलं. तो शब्द म्हणजे 'व्हय?' व्यवस्थापक म्हणणार, "सरळ सरळ हात लागला हुता." हे म्हणणार, "व्हय?" आवाजात खरंखुरं कुतूहल. "अख्ख्या स्टेडियमनं बघितलं!" "व्हय?" आता थोडं दुःख. "तुमी एकट्यानंच बघितलं न्हाई!" "व्हय?" आता असा सूर, की ही बातमी पहिल्यांदाच कानावर येत आहे आणि घरी गेल्यावर तिच्यावर विचार होईल. यात कबुली नाही, नकार नाही, वादाला धरायला जागा नाही. पाचव्या 'व्हय?'नंतर व्यवस्थापकालाच शंका यायला लागते की हात लागला होता का खांदा.

तरुण पंचांचं याच्या बरोबर उलट. त्यांची परीक्षा नुकतीच झालेली असते, नियम तोंडपाठ असतात आणि ते समजावून सांगायची खाज असते. "तात्या, त्याचं काय आहे, हात शरीराच्या नैसर्गिक रेषेत असेल तर…" संपलं. तात्यांना त्यांच्या पोरांदेखत कुणी शिकवलेलं चालत नाही. दोन मिनिटांत मिटणारी तक्रार आता अर्धा तास चालणार, आणि त्यात तात्यांचे 1980 सालचे सगळे सामने येणार.

एक शस्त्र मात्र सगळ्यांकडे सारखं असतं, ते म्हणजे पेन. सामना संपला तरी पंचाचा अधिकार संपत नाही. तो मैदान सोडेपर्यंत कार्ड दाखवू शकतो आणि मैदानाबाहेर काही झालं तर ते अहवालात लिहू शकतो. त्यामुळे खिशातून पेन निघालं, टोपण उघडलं, की मराठी भाषेत आश्चर्यकारक बदल होतात. "डोळं फुटल्यात काय?" हे वाक्य बघता बघता "सरांच्या नजरेतनं कदाचित सुटलं असंल, एवढंच आमचं म्हणणं" असं होतं. संबोधन 'ए रेफ्री'वरून 'सर'वर येतं, आणि कागद समोर आला की 'साहेब'वर. पेनात शाई नसली तरी फरक पडत नाही. माझ्या पेनात बहुतेक वेळा नसतेच.

हल्ली तक्रार तोंडी राहिलेली नाही. हल्ली मोबाईल येतो. काच तडकलेला, उन्हात काही दिसत नाही म्हणून दोन माणसांनी वरून टॉवेल धरलेला, आणि त्या टॉवेलच्या सावलीत पंच आणि व्यवस्थापक डोक्याला डोकं लावून उभे. "बघा. तुमीच बघा. ऑफसाईड हाय का न्हाई सांगा." व्हिडिओ सुरू होतो. आधी आभाळ. मग कुणाचे तरी केस. मग एक झेंडा. आवाज येतो, "घे की शेंगा." दुसरा आवाज, "खारवलेल्या न्हाईत?" आणि मग एकदम "मार मार मार" आणि चेंडू जाळीत. "हां! थांबवा तिथं! किती पुढं हाय बघा!"

आता ऑफसाईड ठरतो तो साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी. चेंडू जाळीत गेला तेव्हा कोण कुठं होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि तो नेमका क्षण या व्हिडिओत नव्हता, त्या वेळी शेंगांची देवघेव चालू होती. शिवाय व्हिडिओ काढला होता गोलच्या मागच्या बाजूने. ऑफसाईड बघायचा तर झेंडेवाल्याने बचाव करणाऱ्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत उभं राहायचं असतं, त्यासाठीच बिचारा सगळा वेळ काठाने आडवा पळतो. गोलच्या मागून कोण किती पुढे आहे हे प्रत्यक्ष अंबाबाईलासुद्धा सांगता येणार नाही. पण यातलं काही न बोलता मी म्हटलं, "परत लावा." परत आभाळ, परत केस, परत शेंगा. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'घर' असं नाव. त्यांनी कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यांनी टॉवेलखालीच उचलला आणि तीन शब्दांत सामन्याचा वृत्तान्त दिला, "येतोय. हरलो. रेफ्री."

"व्हीएआर का लावत न्हाईसा?" हा त्यापुढचा प्रश्न. 2018 पासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासायची सोय, नियमांत आहे आणि रात्री जागून युरोपातले सामने बघणाऱ्या आमच्या व्यवस्थापकांना त्याची खडान्‌खडा माहिती आहे. आम्हाला दोन्ही सहायकांचे झेंडे एका रंगाचे मिळाले तरी सण वाटतो. आणि मला विचाराल तर व्हीएआरने कोल्हापुरात काही सुधारणार नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाची सासुरवाडी कुठली, हा प्रश्न उरतोच.

खरं तर पंचाला मैदानात आणून उभा करणं हीच मुळात नंतरची कल्पना. पूर्वी इंग्लंडात दोन्ही संघ आपापला पंच घेऊन यायचे, त्या दोघांचं पटलं नाही तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्याला विचारायचे. हा तिसरा म्हणजे रेफ्री. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढंच त्याचं काम. 1891 साली त्याला आत घेतला, अधिकार दिले, आणि आपापल्या बाजूच्या दोन पंचांना काठावर झेंडे देऊन उभं केलं. तिथून पुढे सगळ्यांच्या तक्रारींना एकच पत्ता मिळाला. आपला पंच आपण आणायचा, ही जुनी पद्धत कोल्हापूरला जास्त मानवली असती.

पिवळं आणि लाल कार्डसुद्धा अशाच एका तक्रारीच्या पोटातून निघालं आहे. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांची उपांत्यपूर्व फेरी झाली. पंच जर्मन. अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, रातीनला, त्यांनी बाहेर काढलं, तर तो जाईचना. एकमेकांची भाषा कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की इंग्लंडच्या दोन्ही चार्लटन भावांनाही ताकीद मिळाली होती, आणि हे खुद्द इंग्लंडच्या गोटालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांचे व्यवस्थापक आल्फ रॅम्से फिफाकडे विचारणा करायला गेले. पंचांचे प्रमुख केन ॲस्टन या भानगडीचा विचार करत गाडीतून घरी निघाले होते, वाटेत सिग्नल लागला, आणि त्यांना सुचलं की पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डं आली. ॲस्टन साहेबांनी आमचा सिग्नल बघितला नव्हता. आमच्याकडे पिवळा दिवा म्हणजे गाडी दामटा. आमच्या खेळाडूंनी पिवळ्या कार्डाचा अर्थही तोच घेतला आहे.

2019 पासून ही कार्डं बाकावरच्या मंडळींनाही दाखवता येतात. त्यात एक फार गमतीचं कलम आहे: बाकावरून कोण बोललं हे कळलं नाही तर तिथं हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला कार्ड द्यायचं. हे कलम लिहिणाऱ्यांनी बाकावर चार-सहा माणसं धरली असावीत. आमच्या बाकावर व्यवस्थापक, प्रशिक्षक, सहप्रशिक्षक, बर्फाच्या पेटीवाला, पाण्याच्या बाटल्यांवर नेमलेले दोघे, मंडळाचे आजी आणि माजी अध्यक्ष, भागातले एक भावी नगरसेवक आणि कुणाचा तरी आठ वर्षांचा मुलगा इतकी मंडळी असतात. मागून घणाघाती शब्द आला म्हणून वळून बघावं, तर सगळे समाधी लागल्यासारखे आभाळाकडे बघत असतात. मी नियमाप्रमाणे प्रशिक्षकाला पिवळं कार्ड दाखवलं. तो गरीब माणूस, अख्ख्या सामन्यात त्याने आवाज चढवला नव्हता. सामन्यानंतर तो आला तो माझी नव्हे, बाकाची तक्रार घेऊन. "सर, ह्यांना तुमीच काहीतरी सांगा. माझं कोण ऐकत न्हाई."

इंग्लंडातल्या हौशी फुटबॉलमध्ये हेच दुखणं आहे, फक्त हवा थंड. तिथं 2019 च्या हंगामापासून हौशी सामन्यांत पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतात. 2023 मध्ये काही ठिकाणी पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहायला सुरुवात झाली, मिडल्सब्रोपासून. कॅमेऱ्याची कल्पना मला आवडते, पण आमच्याकडे पुराव्याची पंचाईत होईल. कोल्हापुरात प्रेमाने हाक मारायचे आणि रागाने उद्धार करायचे शब्द एकच आहेत. चौकशी समितीसमोर तो व्हिडिओ लावला, तर व्यवस्थापक शपथेवर सांगेल की मी सरांची ख्यालीखुशाली विचारत होतो, आणि निम्मी समिती ते मान्य करील.

सगळ्यात देखणी तक्रार ती लेखी. वहीचं मधलं पान, वर 'माननीय सचिव साहेब यांसी', खाली 'विषय: पंचांनी केलेल्या घोर अन्यायाबाबत', आणि शेवटी एवढं सगळं लिहूनही 'आपला विश्वासू'. बहुतेक स्पर्धांत अशा अर्जाबरोबर पैसे भरावे लागतात आणि अर्ज फेटाळला तर ते परत मिळत नाहीत. अर्ज लिहिण्यात तालमीतला एखादा वकील किंवा मराठीचा मास्तर हात धुऊन घेतो, 'नैसर्गिक न्यायाची पायमल्ली' हा शब्दप्रयोग हटकून येतो. एवढं होऊन अर्ज आपटतो तो पाचव्या नियमावर. खेळातल्या घटनांबद्दल पंचाचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही यासकट. हात लागला का, पाय आडवा आला का, ढकललं का, यावर अपील नाही. खेळाडू नियमात बसत नव्हता म्हणा, नाहीतर पंचाने नियमच चुकीचा लावला म्हणा, तर कुठं अर्जाला पाय फुटतात.

आणि ते फुटले तर काय होतं, हे आमचे ज्येष्ठ पंच प्रत्येक चिडलेल्या व्यवस्थापकाला खुर्चीवर बसवून सांगतात. 2005 सालची गोष्ट. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तान आणि बहारीन यांचा ताश्कंदला सामना होता. उझबेकिस्तान 1-0 ने पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली, गोलही झाला. पण किक मारायच्या आधीच त्यांचा एक गडी चौकटीत घुसला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पेनल्टी परत घ्यायची. पंचांनी गोल रद्द केला आणि फ्री किक बहारीनला देऊन टाकली. ही नियमाची उघड चूक. सामना तर उझबेकिस्ताननेच जिंकला, 1-0. पण अन्याय तो अन्याय! त्यांनी तक्रार केली, आम्हाला 3-0 असा विजय द्या म्हणाले. फिफाला तक्रार पटली. पटली म्हणून तिने काय केलं, तर सगळा सामनाच रद्द करून परत खेळायला लावला. फेरसामना 1-1 सुटला. बहारीनमधला दुसरा सामना 0-0. परक्या मैदानावर केलेल्या एका गोलाच्या जोरावर बहारीन पुढे गेलं आणि तक्रार मंजूर झालेला संघ घरी बसला. ज्येष्ठ पंच गोष्ट इथं थांबवतात आणि अर्जाकडे बोट दाखवून विचारतात, "मग, देताय अर्ज?" अर्ज घडी होऊन खिशात जातो.

तक्रार फक्त हरलेलेच करतात असं कुणी समजू नये. जिंकलेला व्यवस्थापक हसत हसत येतो, हात मिळवतो, आणि हात सोडायच्या आधी म्हणतो, "सर, भारी केलासा. तेवढी एक पेनल्टी खाल्लीसा आमची." त्याला पुढच्या सामन्याची तजवीज करायची असते. आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्याला तर दोघंही येतात. अशा वेळी पंचाने तोंड उघडूच नये. एकजण म्हणतो पेनल्टी नव्हती, दुसरा म्हणतो दोन होत्या. आपण मध्ये उभे असतो, हळूच अर्धं पाऊल मागे घ्यावं. दोघं एकमेकांकडे बघून बोलायला लागतात. आणखी अर्धं पाऊल. "तुमचा सेंटर बॅक काय साधू हाय?" इथपर्यंत बोलणं आलं की आपण खोलीत पोचलेले असतो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि आम्ही नेतोही. एका गोष्टीला मात्र हसू येत नाही. आमच्याकडे कॉलेजातला एक मुलगा पंच म्हणून तयार होत होता. नजर चांगली, पळायला हरिण. लहान मुलांच्या एका सामन्यात त्याने गोल नाकारला. त्याला कोणी मारलं नाही. फक्त तो सायकलवरून घरी निघाल्यावर दोन मोटारसायकली हळूहळू त्याच्या मागून त्याच्या दारापर्यंत आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. त्याच्या आईने शिट्टी कपाटात ठेवून दिली. बोट नाकासमोर नाचवणं, दरोडा म्हणणं, हे आमच्या मानधनात धरलेलं आहे. दारापर्यंत येणं धरलेलं नाही. बोंब मैदानावर मारावी आणि फाटकाबाहेर पडताना तिथंच सोडून जावी, एवढा रिवाज जुन्या वस्तादांनी आखाड्यात पाळला आणि पाळायला लावला होता.

मध्यंतरी एका सराव सामन्याला पंच आलाच नाही. एका संघाचे व्यवस्थापक, आवाजाने अख्ख्या गॅलरीला माहीत असलेले, पुढे झाले आणि म्हणाले, "त्यात काय असतंय? आणा हिकडं शिट्टी." पहिल्या दहा मिनिटांत ते धापा टाकायला लागले. पंधराव्या मिनिटाला एक फाऊल नेमका त्यांच्या पाठीमागे झाला आणि बावीस पोरं त्यांना घेरून उभी राहिली. विसाव्या मिनिटाला त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भाच्याला मैदानाबाहेर काढलं. सामना कसा संपला ते कुणाच्या लक्षात नाही, पण संध्याकाळी त्यांना बहिणीचा फोन आला, आणि तो दोन मिनिटांत आटोपला नाही. त्यानंतर ते सामना संपल्यावर माझ्याकडे येतात, ओरडतातही, गॅलरीला दाखवायला हवंच. पण मध्येच थांबून विचारतात, "पाणी पिलासा का, सर?"

म्हणून गावातल्या सगळ्या तालमींच्या, मंडळांच्या आणि क्लबांच्या व्यवस्थापकांना जाहीर विनंती आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत एकदा सराव सामन्यात अर्धा तास पंच म्हणून उभे राहा. झेंडा घेऊन काठाने पळा म्हणत नाही, त्याला गुडघे लागतात. नुसती शिट्टी वाजवा. मग हंगामभर हवी तेवढी तक्रार करा, आम्ही मान खाली घालून ऐकू. शिट्टी मात्र आपली आपण आणावी. आमची उष्टी असते.